काकशिलेचे रिकामे खड्डे

पूर्वी मत्स्य देशात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व खनिजे शोधणाऱ्या एका कुळात जन्माला आला. त्याचे नाव नंदिक. काकशिला नावाच्या डोंगरावर पाच कुळांचा हक्क होता आणि त्यांत नंदिकाचे कूळ पुढे होते.

त्या डोंगराचा शोध तीन पिढ्या चालला होता. आधी गुराख्यांना तिथे मुठीएवढा, पण विलक्षण जड असा करडा दगड सापडला. तो भट्टीत घातला तेव्हा शिसे निघाले. पुढे कुणीतरी ते शिसे पुन्हा तापवीत राहिले, तर तळाशी मण्याएवढी चांदी उरली. जस्ताचा तपकिरी दगड मात्र भट्टीत पांढरा धूर होऊन उडून जाई. तो धूर बंद मडक्यात कसा धरावा, हे नंदिकाचे वडील शैलक यांनी शोधून काढले.

हा इतिहास सर्वांना तोंडपाठ होता, पण तो अर्धाच होता. ज्याचा खड्डा रिकामा गेला त्याला डोंगराने नाकारले असे मानीत आणि त्याच्या कुळाचा हक्क सुटे. त्यामुळे काय सापडले ते सगळे सांगत. काय सापडले नाही ते कुणी सांगत नसे.

शैलक वारले त्याला दोन हिवाळे झाले होते. जाण्यापूर्वी त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

"पूर्वेच्या उतारावर माझा एक खड्डा आहे, नंदिका. तीस हात खोल. काही लागलं नाही. शिळा घालून वर तरवडाचं झुडूप लावलंय. कुणाला सांगू नकोस."

बोधिसत्त्वाने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

पुढे बोधिसत्त्वाला चांदीची चांगली शीर लागली आणि तिच्या मागे बोगदा डोंगरात शिरला. चैत्रातल्या एका सकाळी खणकरांचा मुख्य गोपक ओला दगड घेऊन हसत बाहेर आला.

"नायक, ऐन चैत्रात डोंगराला घाम फुटलाय! आत अकरा जणांची फुकटात आंघोळ चाललीय."

"पाणी कुठून येतंय?"

"समोरच्या भिंतीतून. शीर तिकडेच वळली, पूर्वेला. अन् काय जाड झालीय म्हणता!"

बोधिसत्त्वाचा चेहरा उतरला. "सगळ्यांना बाहेर काढ," तो म्हणाला. "आत्ता."

माणसे बाहेर आली. पाठोपाठ इतर कुळांची माणसेही जमली. त्यांत सर्वांत वडील कुंभीर होता. त्याची जीभ पहारीपेक्षा तिखट.

"शीर जाड झाली आणि माणसं बाहेर! आमच्यापासून काय लपवतोस रे? चला पोरांनो आत, मी येतो पुढे."

खणकरांनी पहारी उचलल्या. आज तिथी वाईट आहे, उद्या खणू, असे सांगता आले असते. पण सबब एक दिवस पुरते. बोधिसत्त्वाला वडिलांचा शेवटचा स्पर्श आठवला. तीन पिढ्यांचा हक्क आठवला. मग त्याने भिजून उभ्या असलेल्या अकरा जणांकडे पाहिले.

"थांबा, कुंभीरकाका. त्या तरवडाखाली माझ्या वडिलांचा खड्डा आहे. तीस हात खोल आणि रिकामा. दोन तपं पावसाचं पाणी त्यात साठतंय."

झुडूप तोडून शिळा सरकवली. आत दगड टाकला, तो चार हातांवरच डुबकन बुडाला. मग दोरीने बोगदा मोजला, वरची जमीनही मोजली. बोगद्याचे टोक आणि खड्डा यांच्यामध्ये दोन हात भिंत उरली होती.

गोपकाने दोरी पुन्हा एकदा मोजली. "दोन हात," तो म्हणाला. "म्हणजे दुपारच्या भाकरीपर्यंत फुटली असती."

बोधिसत्त्वाने हक्काची खूण असलेला कुळाचा हातोडा कुंभीराच्या पायांशी ठेवला. "आमचा हक्क सुटला, काका."

कुंभीराने हातोडा बोधिसत्त्वाकडे सरकवला.

"उचल तो," तो म्हणाला. "आमचे दोन रिकामे खड्डे आहेत. एक त्या बाभळीखाली. दुसरा... दुसऱ्यावर माझा गोठा उभाय."

"तरीच तुमची म्हैस सदा दचकलेली असते!" गोपक म्हणाला आणि सगळे हसले. हसता हसता काहींचे डोळे भरून आले. मग एकेक जण बोलू लागला. कुणाचे तीन निघाले, कुणाच्या आजोबांचे पाच. सांजेपर्यंत एकोणीस रिकामे खड्डे निघाले.

"नियम पाळायचा," कुंभीर म्हणाला, "तर या डोंगरावर आता फक्त बकऱ्यांचा हक्क उरतो."

नियम तिथेच मोडला. सुबाहू राजाला हे कळले तेव्हा त्याने आज्ञा केली, की रिकाम्या खड्ड्यावर पांढरा दगड रोवावा आणि त्यावर खोली कोरावी. शैलकांच्या खड्ड्यातले पाणी पखालींनी उपसून मगच बोगदा पुढे नेला.

वडिलांना दिलेला शब्द मोडल्याचे शल्य बोधिसत्त्वाच्या मनात राहिले. पण वडील जे एकट्याने वाहत होते, तेच शेजारीपाजारीही वाहत होते, हे त्याला आता कळले होते. हे वडिलांना कळायला हवे होते, असे त्याला वाटले. खड्डे उघड झाले त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

तेव्हाचे शैलक म्हणजे आताचे शुद्धोदन महाराज, गोपक म्हणजे आनंद, कुंभीर म्हणजे महाकाश्यप, अकरा खणकर म्हणजे आताचे भिक्षू; आणि नंदिक म्हणजे स्वतः शास्ता. त्या जन्मी त्यांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या परिपूर्णतेची साधना, पुढे नेली, आणि तीही आपल्या प्रिय माणसाच्या अपयशाविषयीचे सत्य बोलून, जे बोलायला सर्वांत जड जाते.