रंगनाथाची घोटीव गोधडी

"चिंध्या कशाला मागायच्या, बाबा? माझ्या दुकानात तागे पडलेत."

रंगनाथ शिंप्यानं काखेतली लहानशी गोधडी फकिराच्या पुढ्यात पसरली. नवीकोरी. खळ देऊन, घोटून चकाकी आणलेलं सुती कापड, त्यावर एकसारखा धावदोरा. एरवी असं कापड बड्या घरच्या अंगरख्यांना लागायचं. रंगनाथानं ते आपल्या तान्ह्या पोरासाठी कापलं होतं.

गावाबाहेरच्या तकियात राहणारा नूरशा फकीर स्वतःची फाटकी गुदडी सांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

रंगनाथाची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरा महिन्याभराचा झाला आणि तोही तापानं फणफणला. अशा मुलानं जगावं म्हणून घरोघर चिंधी मागायची, त्या चिंध्यांच्या गोधडीत त्याला ठेवायचं, अशी त्या भागातली जुनी रीत. बायकोनं, भागीरथीनं, त्याच्या पाया पडून तेच सांगितलं. फकिरानंही सांगितलं. पण रंगनाथाचं नाक पहिल्यापासून वर. ज्यांची मापं घ्यायची त्यांच्याच दारात हात पसरायचा? त्यापेक्षा त्यानं ही गोधडी शिवली, आणि शिवली मात्र अशी की पाहत राहावं.

"हात लावून बघा," तो म्हणाला. "सुईसुद्धा सुखासुखी शिरत नाही यात. बोटांची सालं निघाली."

"दिसतंय."

फकिरानं शेजारच्या मडक्यात बोटं बुडवली आणि गोधडीवर पाणी शिंपडलं. थेंब जिथल्या तिथं उभे राहिले. त्यानं एक टोक उचललं. थेंब घरंगळून मातीत गेले.

"पोराला घाम येतो?"

"येतो... ताप उतरताना फार येतो."

"तो कुठं जातो?"

रंगनाथानं ते टोक त्याच्या हातातून घेतलं. सकाळी पोराची पाठ हाताला ओलीगार लागली होती. रात्रभर अंगावर टाकली की गोधडी घसरत होती, म्हणून भागीरथी ती धरून बसली होती.

"धुतली की चकाकी जाईल," तो म्हणाला. "मऊ पडेल मग."

"किती धुण्यांनी?"

"सात-आठ..."

"तेवढी धुणी आहेत का त्याच्याजवळ?"

 रंगनाथाला फकिराचा राग आला. ही काय बोलायची रीत झाली?

"आणि चिंध्या मागितल्या तर वाचेल?"

फकीर सुईत दोरा ओवत राहिला...

"आधी माग तर."

रंगनाथानं मागितल्या. पहिल्या दारात त्यानं नुसती कडी वाजवली. चांगुणा तेलीण बाहेर आली आणि त्याच्या हातात टेप नाही हे पाहून थबकली.

"काय रे रंगनाथा?"

"चिंधी द्या, काकू... पोरासाठी."

चिंधी कधी मागतात ते तिला ठाऊक होतं.

"म्हणजे आधीची?"

"गेली. दोन्ही."

"आणि आम्हाला कळूही दिलं नाहीस?"

नव्हतं दिलं. दोन्ही वेळा त्यानं आणि मेहुण्यानं अंधार असतानाच जाऊन माती दिली होती. शिंप्याच्या घरात काहीतरी खोट आहे असं लोक म्हणतील, या धास्तीनं त्यानं भागीरथीला मोठ्यानं रडूही दिलं नव्हतं. तोंडात पदर कोंबून ती बसली होती, आणि हा दुकान उघडून मशीनवर.

 चांगुणानं नेसत्या लुगड्याचा मऊ झालेला काठ दातानं तोडला, फाडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

मग तो दारोदार फिरला. कुणी धोतराचा तुकडा दिला, कुणी मेलेल्या सासूच्या चोळीची बाही. तो घरी परतला तेव्हा ओटीवर बायका बसल्या होत्या. एकीनं पोराला मांडीवर घेतलं होतं. चिंध्या शिवायला सवड नव्हती, त्या तशाच त्याच्या अंगाखाली घातल्या. बायकांनी त्याचं नावही ठेवून टाकलं, चिंधू.

दोन दिवसांनी पहाटे चिंधू गेला.

रंगनाथ तकियात आला तो चिंध्यांचं गाठोडं घेऊनच. ते त्यानं फकिराच्या अंगावर फेकलं.

"घ्या. सगळ्या गावाच्या दारात उभा राहिलो. काय उपयोग झाला?"

गुदडी शिवणारा फकिराचा हात थांबला.

"माती दिली?"

"दिली. त्या नव्या गोधडीत गुंडाळून."

"कोण होतं?"

"सगळे होते... चांगुणाकाकूचा म्हातारा तर अनवाणी आला."

"आणि भागीरथी?"

"बायका आहेत तिच्याजवळ. रडतेय. थोरल्याचं नाव घेते, मधल्याचं घेते... तिघांचं एकदम रडतेय, बाबा. थांबतच नाही."

फकिरानं गाठोडं जवळ ओढलं.

"तुम्ही म्हणाला होतात—"

"मी काय म्हणालो होतो?"

रंगनाथानं आठवून पाहिलं. पोर वाचेल असं हा माणूस एकदाही म्हणाला नव्हता.  रंगनाथ खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून, तिन्ही मातींनंतर पहिल्यांदाच, ओक्साबोक्शी रडला.



त्यानं डोकं वर केलं तेव्हा फकिरानं गाठोडं सोडलं होतं. काठ, बाह्या, धोतराचे तुकडे जमिनीवर एकमेकांना लावून मांडले होते. हातातली सुई त्यानं रंगनाथापुढे धरली.

"शिव."

"कुणासाठी?" रंगनाथ म्हणाला. "पोर तर गेलं."

"तुझी बायको गारठली असेल."