सुगराबी पखालीण आणि निंबारीची बारव

फार वर्षांपूर्वी निंबारी गावात सुगराबी नावाची एक पखालीण राहत होती. नेमकं किती वर्षांपूर्वी, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. वेशीवरचा वड तेव्हा हातभर उंच होता असं म्हणतात, आणि मागच्या उघड्या डोंगरावर तेव्हाही आजच्याइतकंच ऊन तापत होतं असं म्हणतात.

पखाल म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती पाण्यानं भरायची, रेड्याच्या पाठीवर लादायची आणि दारोदार पाणी घालत हिंडायचं, हा सुगराबीच्या नवऱ्याचा धंदा. पखालीच्या रेड्याला आमच्याकडं हेला म्हणतात. नवरा पटकीच्या साथीत गेला, मागं हेला राहिला. भाऊबंद जमले आणि म्हणाले, बाईमाणसानं हेल्यामागं फिरणं बरं दिसत नाही, तू घरात बस, आम्ही तुला दोन वेळची भाकर घालू. सुगराबीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, उठली, हेल्याचा कासरा हातात धरला आणि बारवेकडं चालू लागली. तिचं उत्तर ते एवढंच.

एका वर्षी रमजानचा चांद दिसायच्या आधी ती मशिदीच्या पायरीशी गेली. तिथं कासिममियाँ बसायचे. ते मशिदीचे इमाम, वयानं फार थकलेले. सुगराबीनं त्यांना विचारलं, "मियाँजी, या महिन्यात लोक कुराण वाचतात. मला अक्षर येत नाही. लोक मशिदीत बसून राहतात. मला हेला बसू देत नाही. मग एवढा मोठा महिना माझ्या हातून वायाच जायचा का?"

कासिममियाँ म्हणाले, "बेटी, तुझ्या हाताला काय येतं?"

"पाणी घालता येतं."

"मग पाणी घाल. पण या महिन्यात फक्त त्याच्यासाठी घाल."

सुगराबीनं तिथंच पदर डोक्यावर घेतला आणि नियत केली, म्हणजे मनाशी संकल्प धरला. हा महिनाभर मी पाण्याचं काही घेणार नाही, कुणाचं दार चुकवणार नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत कुणाला तहानलेलं ठेवणार नाही.

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. आडांचे तळ फुटक्या मडक्यासारखे दिसत होते. पाणी होतं ते एकट्या बारवेत. ही बारव म्हणजे खोल, पायऱ्यापायऱ्यांची दगडी विहीर. ती बांधली होती जागीरदाराच्या आज्यानं, गावासाठी आणि वाटसरूंसाठी.

आता हवेलीत जागीरदार होता बहादूर अली. तो काही रोजे बुडवणारा नव्हता. पाची वेळची नमाज पढायचा, दानधर्म करायचा. पण त्यानं ऐकलं होतं की रोजेदाराला जो पाणी पाजतो त्याला मोठा सवाब, मोठं पुण्य लाभतं. आणि त्याला वाटलं, गावातला सगळा सवाब आपल्याच दारात यावा. म्हणून त्यानं बारवेच्या तोंडाला सागवानी दार बसवलं, दाराला कुलूप घातलं आणि दवंडी पिटवली. दिवसा बारव बंद राहील. सूर्य बुडताना सगळ्यांनी हवेलीच्या दारी यावं, सरकार आपल्या हातानं एकेक कटोरा पाणी देतील. रोजा असो नसो, मोठा असो की तान्हं लेकरू असो, पाणी हवं तर संध्याकाळी, आणि हवेलीच्या दारी.

गावकुसाबाहेर मसाजी राहायचा. तो कातडी कमावायचा, पखाली शिवायचा. तो म्हणाला, "आधी तहान कोंडली, आता तीच वाटायला काढली." पण हे तो आपल्या अंगणात म्हणाला, आणि हळूच म्हणाला. बाकीचं गाव तेवढंही बोललं नाही.

पहिल्या रोज्याच्या सकाळी सुगराबी हेला घेऊन बारवेवर गेली. दाराशी भालेवाले उभे होते. त्यांच्या नाईकानं सांगितलं, हुकूम नाही. सुगराबीनं दाराकडं पाहिलं, कुलुपाकडं पाहिलं आणि हेला वळवला. तिनं डोंगराची वाट धरली. खिंडीपलीकडं नदीचा एक डोह होता. जायला यायला दिवस मोडायचा, म्हणून तिथं कुणी जात नसे.

ती गेली. भर उन्हात, पोटात अन्नपाण्याचा कण नसताना गेली. पाण्यानं भरलेल्या पखालीशेजारून कोरड्या ओठांनी चालत ती दुपार कलताना गावात आली. आधी गेली गावकुसाबाहेर, कारण तिथून कुणालाच कधी बारवेवर जाऊ देत नसत. तिथं कोंडाबाई नावाची बाळंतीण होती. तिचं दूध आटलं होतं आणि लेकराचा आवाज बसला होता. सुगराबीनं तिचा रांजण काठोकाठ भरला. मग ती आळीआळीनं फिरली. पखालीचं पाणी ज्यांना चालत नसे त्या जोशांच्या दारीही ती थांबली, आणि त्या दिवशी जोशांनी घागर पुढं केली.

असं रोज होऊ लागलं. कासिममियाँना तिची काळजी वाटली. त्यांनी तिला समजावलं की एवढ्या कष्टात रोजा सोडायची मुभा आहे, नंतर भरून काढता येतो, अल्ला कुणाला पिळत नाही. सुगराबी म्हणाली, "ठाऊक आहे, मियाँजी. ज्या दिवशी पाय उचलणार नाही त्या दिवशी सोडीन. अजून उचलतोय."

तिच्या पावलांखाली खिंडीतला दगड थंड व्हायचा असं म्हणतात. हेल्याच्या डोक्यावर एक ढग चालायचा असं म्हणतात. खरंखोटं त्या हेल्यालाच ठाऊक. पण हवेलीच्या दारची गर्दी ओसरली एवढं मात्र खरं. आधी चारदोन घरं यायची थांबली, मग अर्धं गाव थांबलं. बहादूर अली कटोरा हातात घेऊन उभा राहायचा आणि समोर अंगण मोकळं दिसायचं.

त्याचा कारभारी सुगराबीकडं आला. म्हणाला, हवेलीची पखालीण हो, सरकार ओढ्याकाठची जमीन इनाम देतील. सुगराबी हेल्याचे खूर धूत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हा महिना मी आधीच एकाला देऊन बसलेय. ईद झाल्यावर या."

कारभारी गेला तो तोंड काळंनिळं करून. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुगराबी भरली पखाल घेऊन खिंडीतून उतरत होती. हवेलीची माणसं दगडाआडून पुढं आली. त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांनी सुरा काढला आणि पखाल गळ्यापासून बुडापर्यंत फाडली. पाणी धुळीत गेलं. हेला ती ओली माती चाटत राहिला. आपल्यात म्हण आहे, दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला. त्या दिवशी दुखणं जागीरदाराला होतं आणि सुरा पखालीला लागला.

सुगराबी त्या धुळीत बसली. पहिल्यांदाच बसली असं म्हणतात. तिला रडू आलं, पण डोळ्यांत यायला अंगात पाणीच नव्हतं. मग ती उठली, फाटकी पखाल हेल्यावर टाकली आणि मसाजीच्या दारी आली.

मसाजीनं चामडं उलटंसुलटं पाहिलं आणि मान हलवली. हे शिवून धरणार नाही, नवं कातडं कमवायला महिना जाईल.

"शिवू नकोस," सुगराबी म्हणाली. "नीट बांधून दे, तशीच."

मसाजीनं बांधून दिली. सुगराबीनं कासरा धरला. पण हेला डोंगराकडं वळला नाही. तो बारवेकडं वळला.

कोंडाबाईनं ते पाहिलं. तिनं लेकरू पाठीला बांधलं, घागर उचलली आणि ती मागं निघाली. तिला पाहून शेजारीण निघाली. मशिदीच्या आळीतल्या बायका निघाल्या, पाटलाच्या आळीतल्या निघाल्या, जोशांची विधवा बहीण निघाली. एका वाटेनं कधी न चाललेल्या बायका त्या दिवशी एका हेल्यामागं चालल्या. कुणी घोषणा दिली नाही. फक्त रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत होत्या, आणि तो आवाज हवेलीपर्यंत जात होता.

बारवेच्या दाराशी भाले आडवे झाले. नाईक म्हणाला, "सुगराबी, मागं फिर. सरकारचा हुकूम आहे."

"हुकूम दारावर आहे," सुगराबी म्हणाली. "पाण्यावर कुणाचा आहे, ते तुलाही ठाऊक आहे. तूही रोजा धरलायस."

नाईकाची आई त्या बायकांतच उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि भाला खाली घेतला. सुगराबीनं कुलुपावर हात ठेवला आणि ते वाळल्या शेंगेसारखं उकललं असं म्हणतात. नाईकाच्या वंशातले सांगतात की किल्ली आमच्या पणजोबानं दिली. गाव दोन्ही सांगतं. त्यावरून कुणी भांडत नाही.

बायका पायऱ्या उतरू लागल्या, आणि पाणी पायऱ्या चढू लागलं. ते वरच्या पायरीला येऊन टेकलं असं म्हणतात. त्याच वेळी हवेलीचा हौद तळाला गेला आणि सुरया कोरड्या पडल्या. सुगराबीनं फाटकी पखाल भरून हेल्यावर चढवली. मसाजी मागून जमिनीकडं बघत चालला होता. एक थेंब गळला नाही. मरेपर्यंत तो हेच सांगत राहिला.

दिवस कलला. बारवेसमोर सगळं गाव रांगेत उभं राहिलं. रोजेदार अजानची वाट बघत होते, आणि ज्यांचा रोजा नव्हता तेही त्यांच्यासोबत थांबले होते. हवेलीत बहादूर अलीपुढं दस्तरखान मांडलेला होता, खजूर होते, मांस होतं, आणि रोजा सोडायला पाण्याचा घोट नव्हता. तो उठला आणि चालत आला. गावानं त्याला पायी चालताना कधी पाहिलं नव्हतं. मागं कारभारी, कारभाऱ्याच्या हातात चाबूक.

लोक सवयीनं बाजूला सरले. वाट मोकळी झाली.

"वाट कशाला देता?" सुगराबी म्हणाली. "रांग आहे." मग ती जागीरदाराकडं वळली. "सरकार, रोजा तुमचाही आहे, माझाही आहे. शेवटी उभे राहा. पाणी पुरेल."

कारभाऱ्यानं चाबूक उचलला. गावातलं एक माणूस हललं नाही. बहादूर अलीनं त्या रांगेकडं पाहिलं, आणि हात करून चाबूक खाली घ्यायला लावला. तो चालत गेला आणि शेवटी उभा राहिला. त्याच्यापुढं मसाजी उभा होता.

कासिममियाँची अजान झाली. सुगराबी हेला घेऊन निघाली, पण ती पुढच्यांपाशी थांबली नाही. ती थेट रांगेच्या टोकाला गेली, बहादूर अलीसमोर थांबली आणि तिनं पखालीचं तोंड सोडलं.

"या महिन्यात कुणालाही तहानलेलं ठेवणार नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्यात तुम्हीही आलात."

पखालीचं पाणी ओंजळीनं प्यावं लागतं, आणि वाकून प्यावं लागतं. बहादूर अली वाकला. गावादेखत वाकला आणि प्याला. मग मसाजी प्याला, मग त्याच्यापुढचा, आणि असं करत पाणी रांगेच्या पहिल्या माणसापर्यंत गेलं. सगळ्यांच्या मागून सुगराबीनं रोजा सोडला.

जागीरदार त्या दिवसापासून देवमाणूस झाला असं कुणी म्हणत नाही. ईदला तो कुणाच्या गळ्यात पडला नाही आणि पुढं हैदराबादेला निघून गेला. पण बारवेला पुन्हा कुलूप लागलं नाही. लागणार कशाला? ते सागवानी दार बायकांनी उखडून, फोडून नेलं. त्याच लाकडांवर त्या ईदचा शिरखुर्मा शिजला आणि तो गावकुसाबाहेरही गेला.

सुगराबी म्हातारी होईपर्यंत पाणी घालत राहिली. तिची कबर मशिदीमागं आहे. तिच्यावर चादर चढवत नाहीत, पाणी घालतात.

आता निंबारीत नळ आलाय, उन्हाळ्यात टँकरही येतो. तरी रमजानात दिवस बुडताना बारवेसमोर रांग लागते. रोजा आहे का, हे कुणी विचारत नाही. जो उशिरा येतो तो शेवटी उभा राहतो आणि पाणी त्याच्यापासून सुरू होतं, मग तो तहसीलदार असो नाहीतर वाट चुकलेला मेंढपाळ. बारवेची दगडी चौकट अजून उभी आहे. मागं एका दुष्काळात पंचायतीनं ठरवलं, पाणी जपायचं तर दार बसवू. सुतार नवंकोरं दार गाडीत घालून घेऊन आला. गावातल्या बायका आल्या. त्यांनी चौकटीसमोर तीन दगडांच्या चुली मांडल्या, वर पातेली ठेवली आणि जळणाची वाट बघत बसल्या. सुतारानं दार गाडीतून उतरवलंच नाही.