घाटातली पहिली फेरी

वेळगड संस्थानात गेल्या पावसाळ्यात एक नर्स पाठीशी बांधलेल्या तापाच्या पोरासकट सायकलवरून घाटातून दरीत गेली. उतारावर ब्रेक लागलाच नाही. मग दरबाराने नर्सांसाठी नव्या सायकली घ्यायचं ठरवलं. त्यांच्या चाकाच्या मधल्या डब्यातच ब्रेक आणि दिव्याचा डायनामो असे. नमुन्याला दोन आल्या. एकीचा डबा लहान, दुसरीचा मोठा; मोठा जड, पण लांब उतारावर त्यातला ब्रेक तापून सुटत नसे.

दिवाण त्र्यंबकरावांनी कचेरीच्या सपाट पटांगणात शिपायाकडून दोन्ही चालवून पाहिल्या आणि तिथंच जमलेल्या दरबाराला सुनावलं, "दिवा सारखा, ब्रेकही सारखाच. लहान डबा हलका. तोच घ्या. बायकांना काय कळतंय त्यातलं!"

नर्स एस्तरबाई उठल्या. "ठीक आहे, साहेब. नवं वाहन घेतलं की पहिली फेरी दिवाणांची, ही आपली रीत. लहान डब्याचीच काढू. मी घाट उतरते, पोराच्या जागी तुम्ही मागे बसा."

सगळा दरबार दिवाणांकडे बघू लागला. रीत मोडता येईना. दिवाण उठले आणि मोठ्या डब्याच्या सायकलीपाशी जाऊन उभे राहिले.

एस्तरबाईंनी हँडलला हातही लावला नाही.

"आता बसायची गरज नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या पोराला कुणी विचारलं असतं, तर त्यानंही हीच दाखवली असती."