हिवतापाला दिलेली बरणी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही ऐका, कारण खोड मोठ्यांचीच आहे.

एका राज्यात औषधांची लग्नं लागत. हो, लग्नंच! नवं औषध तयार झालं की राजवैद्य त्याच्या बरणीला हळद लावायचे, मंगलाष्टकं म्हणायचे आणि ती एका रोगाला देऊन टाकायचे. मग ती बरणी जन्मभर त्याच रोगाची.

पुढे राजाच्या तुतारीवाल्याच्या फुप्फुसात गाठ झाली. तुतारी सोडाच, चार शब्द बोलतानाही त्याला धाप लागे. आणि या गाठीला तर कुठलीच बरणी दिलेली नव्हती.

राजवैद्यांची थोरली बहीणही नावाजलेली वैद्य होती. ती दरबारात येऊन भावाला म्हणाली, "अरे, गाठीचे असेच दोन रोगी माझ्याकडे होते. त्यांना हिवताप आला म्हणून कडू काढा दिला, तर गाठही आटली. दोघांवरून मी शपथ घेत नाही. पण बेतानं देऊन बघू तरी!"

"ताई, काढ्याची बरणी हिवतापाला दिलीय. दिलेली लेक दुसऱ्याच्या घरी कशी पाठवायची?"

झालं! दरबारात खल सुरू झाला. काडीमोड चालेल का? चालला तर मुहूर्त कोणता? तिकडे माणूस श्वासाला महाग झाला होता आणि इथे हे पंचांग उघडून बसले होते.

शेवटी एका शहाण्यानं तोड काढली. "तुतारीवाल्याला दलदलीकाठी निजवा. हिवताप आला की काढा देता येईल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

हिवताप आला, काढाही मिळाला. गाठ खरोखरच लहान होऊ लागली आणि तुतारीवाला अंगणापर्यंत चालू लागला. तेवढ्यात राजवैद्यांनी नाडी पाहून जाहीर केलं, "ताप उतरला. काढा बंद."

"अहो, गाठ अजून आहे!" त्याची बायको रडकुंडीला आली.

"गाठीचा या बरणीशी काय संबंध?"

गाठ पुन्हा वाढली. तुतारीवाला गेला.

त्याची बायको राजासमोर उभी राहिली. "महाराज, बरण्यांचे संसार तुम्ही नीट सांभाळलेत. माझा मोडला."

राजाची मान खाली गेली. औषधशाळेच्या किल्ल्या त्यानं थोरल्या बहिणीच्या हाती दिल्या. पण गेलेला माणूस किल्लीनं परत येत नाही.

तात्पर्य: औषध कोणत्या रोगासाठी केलं होतं यावर अडून बसू नये, ते आणखी कुणाला वाचवू शकतं हे वेळेत पारखून पाहावं.