गेनूमामा विमानाने लग्नाला जातो

बोरखेडी नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. किती भोळा? बायकोने 'दुधाकडे बघा' म्हटलं, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो दुधाकडे बघत राही. बघायलाच तर सांगितलं होतं!

गेनूची धाकटी बहीण अनुसया लग्न होऊन मस्कतला गेली होती. तिच्या लेकीचं, केतकीचं, तिकडेच लग्न ठरलं. अनुसयेचा फोन आला.

"दादा, गोरज मुहूर्त आहे. मामाने आणल्याशिवाय पोर बोहल्यावर चढायची नाही. तू आलाच पाहिजेस."

"येतो की," गेनू म्हणाला. भाचीला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. त्याला फार गहिवरून आलं.

त्याच्या बायकोने, हौसाने, त्याला नवी विजार शिवून घेतली. ती ढगळ झाली, म्हणून वर कातडी पट्टा आणला. बॅगेला लाल फडकं बांधलं आणि बजावलं, "आवं, पासपोर्ट जिवापाड जपा. कुणाच्या हातात म्हणून देऊ नका."

"नाही देत," गेनू म्हणाला.

विमानतळाच्या दारात बंदूकवाला जवान उभा होता.

"काका, पासपोर्ट?"

"आहे."

"दाखवा."

गेनू थोडा मागे सरला आणि त्याने लांबूनच पासपोर्ट उघडून दाखवला.

"अहो, हातात द्या."

"बायको नको म्हणालीय."

मागची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. जवान आधी हसला, मग वैतागला. "काका, इथे वर्दीवाल्याने काही मागितलं, की मुकाट्याने द्यायचं!"

"असं होय," गेनू म्हणाला आणि पासपोर्ट दिला.

आत गेल्यावर त्याने ढकलगाडी घेतली, तिच्यावर बॅग ठेवली. तेवढ्यात गाड्या गोळा करणारा माणूस आला. अंगात निळी वर्दी.

"काका, गाडी देता का?"

गेनूने मुकाट्याने गाडी दिली. बॅगेसकट. त्या माणसाने न बघताच ती गाड्यांच्या रांगेला जोडली आणि ढकलत नेली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, सामान कुठाय तुमचं?"

"वर्दीवाल्याने मागितलं. दिलं."

मग धावाधाव झाली. बॅग सापडली. मुलगी समजुतीने म्हणाली, "काका, विमानतळावर आपलं सामान क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही."

"असं होय," गेनू म्हणाला.

मुलीने बॅग तोलली, चिठ्ठी लावली आणि सरकत्या पट्ट्यावर सोडली. बॅग सरकत सरकत रबरी पडद्याआड निघाली. गेनूने पाहिलं, सामान नजरेआड चाललंय. तो टुणकन काउंटर ओलांडून पट्ट्यावर पालथा पडला आणि बॅगेमागे निघाला. लोकांनी पाय धरून त्याला बाहेर ओढला.

मुलीने कपाळाला हात लावला. "काका, पट्ट्याला माणसाने हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही!"

"असं होय," गेनू म्हणाला.

पुढे तपासणीची चौकट होती. तिथला जवान म्हणाला, "चपला काढा. घड्याळ काढा. पट्टा काढा."

गेनूने चपला काढल्या, घड्याळ काढलं आणि उभा राहिला.

"पट्टा?"

"पट्ट्याला हात लावायचा नाही."

"कोण म्हणालं?"

"त्या काउंटरवरच्या ताई."

"मग काढणार कोण?"

"ते तुम्ही बघा."

शेवटी जवानानेच त्याचा पट्टा काढला आणि ओरडला, "हात वर!" गेनूने दोन्ही हात वर केले. विजार खाली गेली. आतली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या रांगेने पाहिली. जवानाने डोळे मिटून घेतले.

"काका, ध्यानात ठेवा. अशी चौकट दिसली, की आपणहून सगळं काढायचं आणि हात पसरून उभं राहायचं. कुणाचा खोळंबा होत नाही."

"असं होय," गेनू म्हणाला. जवानाने पट्टा परत बांधून दिला.

पुढे अत्तराचं मोठं दुकान होतं. दारात चोर पकडायची चौकट. गेनूने आपणहून चपला काढल्या, टोपी काढली, घड्याळ काढलं. पट्ट्याला हात लावला नाही. ते काम जवानाचं. मग हात पसरून उभा राहिला. मागून एक साहेब आले. त्यांना वाटलं, इथेही तपासणी दिसते. त्यांनी कुरकुरत बूट काढले. त्यांच्यामागे दोन बायका, त्यांच्यामागे एक अख्खं कुटुंब. बघता बघता दुकानापुढे अनवाणी माणसांची रांग लागली, आणि सगळे हात पसरून सरकारला शिव्या देऊ लागले.

दुकानातली बाई धावत आली. तिने गेनूला हाताला धरून त्याच्या विमानाच्या दरवाजापाशी नेलं. "काका, आता काही करू नका. इथे बसा. तुमचं नाव पुकारलं, की उठा. तोवर हलायचं नाही."

"असं होय," गेनू म्हणाला आणि बसला.

विमानाला उशीर होता. थोड्या वेळाने कर्ण्यातून आवाज आला, "आणखी उशीर होईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." गेनू कर्ण्याकडे बघून म्हणाला, "असू द्या, असू द्या." पुन्हा उशीर, पुन्हा दिलगिरी. लोक चिडले, पोरं रडली. गेनू हलला नाही. तहान लागली तरी हलला नाही. मनात मात्र त्याच्या काहूर उठलं. मुहूर्त टळला तर? पोर मामाची वाट बघत ताटकळली तर?

मग दरवाजा बदलला. सगळे उठून दुसऱ्या टोकाला पळाले. गेनूचं नाव कुणी पुकारलं नाही, म्हणून तो एकटा बसून राहिला.

थोड्या वेळाने कर्णा ओरडला, "प्रवासी ज्ञानेश्वर पांडुरंग खुटवड, ताबडतोब या! विमान तुमच्यासाठी थांबलंय!"

गेनूने चुकचुक केली. "काय तरी माणूस! एकट्यासाठी सगळ्यांचा खोळंबा."

पुन्हा तेच नाव. गेनू संतापला. "कानाखाली वाजवली पाहिजे याच्या!"

इतक्यात कंपनीची एक मुलगी धापा टाकत आली. "तुम्हीच खुटवड ना?"

"मी गेनू."

तिने त्याचा पासपोर्ट उघडून नावावर बोट ठेवलं. गेनूने नीट वाचलं. "हा मीच की! पण घरी मला असं कुणी म्हणत नाही हो."

मुलीने त्याला ओढत विमानात नेऊन बसवलं.

मस्कत आलं. शिक्का बसला. गेनू सामानापाशी पोचला, तर तिथेही सरकता पट्टा! बॅगा गोल फिरत होत्या. लाल फडक्याची बॅग आली. गेनूने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. ती गेली. परत आली. परत गेली. बोटसुद्धा लावायचं नव्हतं ना!

शेजारच्या प्रवाशाला राहवलं नाही. "अहो, तुमचीच ना ती? मग उचला! इथे लाल खूण दिसली, की झडप घालून उचलायचं. विचार करत बसायचं नाही."

"आणि दुसऱ्याची निघाली तर?"

"तर परत फिरत सोडायची. आपली मागून येतेच."

"असं होय," गेनू म्हणाला आणि बॅग उचलली.

बाहेर अनुसयेचा नवरा गाडी घेऊन उभा होता. त्याने गाडी भरधाव हाणली. हॉलवर पोचले तेव्हा सूर्य बुडत होता. सनई जोरजोरात वाजत होती. नवरदेव अंतरपाटामागे हार घेऊन उभा. भटजी घड्याळ बघत होते. "मामा कुठायत? मुलीला आणा!"

अनुसया खोलीच्या दारातून ओरडली, "दादा, आलास बाबा! लाल शालूतली! लवकर आण, मुहूर्त टळतोय!"

गेनूने पाहिलं. समोर एक लाल शालू पाठमोरा, अक्षता वाटत पुढे पुढे सरकत होता. लाल खूण! गेनूने झडप घातली आणि उचलली. चांगलीच जड होती. 'मस्कतचं पाणी मानवलं पोरीला,' तो मनात म्हणाला.

"अहो, सोडा! कोण तुम्ही?"

"रडू नकोस बाळ. मामा आहे मी तुझा."

सनईत कुणाला काही ऐकू आलं नाही. गेनूने तिला अंतरपाटापुढे उभी केली आणि दंड घट्ट धरून ठेवला. घाईत भटजींनी मान वर न करताच शेवटचं 'सावधान' म्हटलं. अंतरपाट खाली आला. नवरदेवाने हार उंचावला.

समोर त्याची आई उभी होती.

"आई?"

"मेल्या, हार खाली कर आधी!"

सनई थांबली. अनुसया मटकन खाली बसली. खरी नवरी खोलीच्या दारात मामाची वाट बघत उभी होती. अख्खा हॉल गेनूकडे बघत होता.

"काळजी नको," गेनू सगळ्यांना म्हणाला. "दुसऱ्याची आलेली दिसते. परत फिरत सोडतो. आपली मागून येतेच."

आणि त्याने विहीणबाईंना पुन्हा उचललं.