विश्रामने घेतलेली पोच

एका गावात एक भोळा विश्राम होता, आणि तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचला होता. कसा, ते विद्यापीठाला ठाऊक. अनुभव मिळावा म्हणून तो मंदाताई परुळेकर वकिलांकडे बिनपगारी राहिला.

युनियन केली म्हणून काजूच्या कारखान्याने नऊ बायकांना कामावरून काढलं होतं. त्यांना परत घ्यावं, असा अर्ज विश्राम कारखान्यात देऊन आला. मॅनेजर म्हणाला, अर्ज आलाच नाही.

ताई म्हणाल्या, "कागद दिला की सही घ्यायची. पोच नाही तर कागद दिलाच नाही."

पुढे ताईंच्या भाचीचं लग्न निघालं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला विश्रामला पाठवलं. त्याने देवाच्या वतीने पुजाऱ्याची सही आणली, तारीखवेळेसकट.

ताईंनी कपाळाला हात लावला. मोठ्यांपुढे कागद नाचवू नये, हात जोडून तोंडी सांगावं, असं समजावलं.

मग कारखान्याला नोटीस द्यायची होती. मॅनेजर मोठ्या गाडीतून उतरला. विश्रामने नोटीस खिशात घातली, हात जोडले आणि तोंडी सांगितलं. मॅनेजरने त्याला चहा पाजला.

आता ताई भडकल्या. त्यांनी विश्रामला आणि नऊ जणींना समोर बसवून एकदाच सांगितलं, "जो राबवून घेतो तो मालक, मग तो कितीही गोड बोलो. मागणीपत्र द्यायचं, पोच घ्यायची, चौदा दिवस थांबायचं. नाही ऐकलं तर संप. आणि संपात कोणाला एकटं सोडायचं नाही."

विश्रामने सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताई घाईत असताना एका कागदावर त्यांची सहीही घेतली.

ताईंनी नऊ जणींचा दावा कोर्टात लावला होता. सुनावणीच्या दिवशी फाईल ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली विश्रामच्या खिशात. आणि विश्राम कोर्टाच्या पायरीवर, गळ्यात 'संप' अशी पाटी. नऊ जणी आल्या, त्याला बघितलं आणि शेजारी बसल्या. मालक कोण, हे कोणी विचारलंच नाही.

ताई त्यांना हाताला धरून उठवायला लागल्या. त्यांतल्या पार्वतीकाकी हलेनात. म्हणाल्या, "तुमीच सांगलात मां, एकट्याक सोडूचा नाय."

तेवढ्यात आत तीनदा पुकारा झाला. अर्जदार गैरहजर म्हणून दावा फेटाळला गेला. मला त्या बायकांचं फार वाईट वाटतं.

ताईंना रडावं की मारावं कळेना. "अरे, काय हवंय तुला?"

"बसायला खुर्ची. आणि रविवारी सुट्टी."

"मग आधी सांगायचंस तरी!"

विश्रामने खिशातून कागद काढून उलगडला.

"सांगितलं की, ताई. आज पंधरावा दिवस. ही तुमची पोच."