टोपल्यांना पालवी फुटली

फार वर्षांपूर्वी, जांभूळपेठेच्या गल्ल्यांना नुकती फरशी बसली होती, तेव्हाची ही गोष्ट. फरशीमुळे पायाखालचा चिखल गेला, पण पावसाचं पाणी जमिनीत मुरेना. ते सगळं धावत चिंचओढ्यात उतरू लागलं. काठ ढासळले, पात्र खोल गेलं आणि काठावरच्या विहिरीत गाळ आणि घाण झिरपली.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बुरूड आळी होती. तिथं ठकूबाई सुपं-टोपल्या विणायची. विहिरीच्या पाण्यानं तिची नात आजारी पडली, कशीबशी वाचली. तिच्यासाठी दोन कोसांवरून पाणी आणावं लागे. ठकूबाई म्हणाली, "हिला हितलंच पाणी पाजीन, तवाच थांबीन."

पेठेचा कारभार पाहणारे शेटे विरप्पा यांनी काठाला सरळ भिंत बांधली. पहिल्याच पावसात पाणी भिंतीलगत आणखी जोरात धावलं आणि भिंतच घेऊन गेलं. तेव्हा ठकूबाई टोपल्यांत दगड भरून त्या काठाला पायऱ्यांसारख्या बसवू लागली.

विरप्पा पुलावरून हसले. "काय गं ठके, टोपलीनं कुठं पाणी थांबतं का?"

"थांबवायचंय कुणाला, शेटे? जरा हळू जा, एवढंच सांगायचंय त्याला."

"मग सुपानं वारा पण घाल!"

ती विणत राहिली. बांबू संपले, तेव्हा तिनं आपल्या झोपडीच्या भिंतींचे बांबूचे कूड सोडवले आणि त्यांच्या टोपल्या केल्या. तेही संपले. मग ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांच्या ओल्या फांद्या तोडून ती विणू लागली. अशी ती सात उन्हाळे विणत होती, असं म्हणतात.

आठव्या वर्षी आभाळ फाटलं. भरदुपारी पाणी पुलाला टेकलं. ठकूबाई वळणावर छातीभर पाण्यात शेवटची टोपली बसवत होती.

विरप्पा ओरडले, "ठके, वर ये! माझी भिंत राहिली नाही, तुझी टोपली काय राहणार!"

"एवढी एक बसू द्या, शेटे!"

लोंढा आला. तिच्यापाशी पोचला आणि वळसा घालून गेला, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. बांबूच्या टोपल्या फुटून गेल्या होत्या. वाळुंजाच्या मात्र गाळानं भरून जागच्या जागी उभ्या होत्या, आणि प्रत्येक टोपलीला पालवी फुटली होती. त्या मुळांनी काठ धरला. काठावर गवत आलं, ओढा संथ झाला. पुढच्या काही वर्षांत विहिरीचं पाणी निवळलं, तळ दिसू लागला. नातीनं भरला तांब्या तोंडाला लावला, त्या दिवशी ठकूबाईनं कोयती खाली ठेवली. तिच्या झोपडीला अजून कूड नव्हते. ते विरप्पांनी स्वतःच्या हातांनी बांधले.

आजही जांभूळपेठेत बाळाचं उष्टावण झालं की घरची माणसं वाळुंजाची एक टोपली विणतात, दगड भरतात आणि ओढ्यावर नेतात. तिथं पेठेतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं मोठ्यांदा विचारायचं असतं, "काय गं ठके, टोपलीनं कुठं पाणी थांबतं का?"

बाळाची आई टोपली काठाला बसवते, पायानं दाबते आणि बाळाच्या ओठांना विहिरीचं पाणी लावते.